कातडी पांढरी पडली की थांबा

दोन चिमटे शेजारी शेजारी ठेवा. एकाच्या टोकाला दात आहेत, दुसऱ्याची टोकं साधी. आता नव्या इंटर्नला विचारा, टाके घालताना कातडी कशानं धराल? बहुतेक जण साध्या चिमट्याकडे बोट दाखवतात. दातवाला चावणार, साधा सांभाळून धरणार, असं त्यांना वाटतं. वाटणं साहजिक आहे, पण उत्तर बरोबर उलटं आहे.

कातडी चिवट असते, त्यात रक्तानं निसरडी झालेली. साध्या चिमट्यात ती ठरत नाही. ठरत नाही म्हणून बोटं नकळत जोर लावतात आणि चिमट्याच्या दोन पात्यांमध्ये कातडीची कड चेपली जाते. त्या कडेलाच तर सगळ्यात बारीक रक्तवाहिन्या असतात, जखम भरून काढायचं काम त्यांच्याच जिवावर चालतं. दातवाला चिमटा दोन-तीन बिंदूंवर अडकतो, त्याला दाबावं लागत नाही, नुसतं टेकवून उचललं तरी कातडी वर येते. म्हणून कातडीला आणि पोटाच्या जाड पडद्याला टूथ फोर्सेप, आणि आतडं, रक्तवाहिनी, मूत्राशय यांना प्लेन. आतड्याला दात लागला तर भोक पडेल, तिथं दाताचं काम नाही. 

मी ओटीमधली, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली, सिस्टर आहे. कृष्णाकाठच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात सकाळी ट्रॉली लावायची, स्क्रब व्हायचं, म्हणजे हात घासून धुऊन निर्जंतुक गाऊन-मोजे घालायचे, आणि लिस्ट, म्हणजे त्या दिवसाची ऑपरेशनं, संपली की हत्यारं धुऊन, मोजून, बांधून वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हला पाठवायची, हे माझं काम. ओटीत यायच्या आधी बरीच वर्षं मी सर्जिकल वॉर्डात ड्रेसिंगला होते, आणि ओटीत जे चालतं त्याचा निकाल मला तिथं कळला. ऑपरेशन एक-दोन तासांत होऊन जातं. पट्टी उघडून जखमेचं तोंड बघणं तिसऱ्या दिवशी, पाचव्या दिवशी, सातव्या दिवशी ड्रेसिंगच्या सिस्टरच्या वाट्याला येतं. एकाच आजाराच्या, एकाच वयाच्या, शेजारच्या खाटांवरच्या दोन बायका. एकीची टाक्यांची रेघ कोरडी, फिकट गुलाबी. दुसरीची कड काळपट, दोन टाक्यांच्या मध्ये सुजून वर आलेली, खालून पाझरणारी. प्रत्येक वेळी दोष हाताचाच असतो असं मी म्हणणार नाही. साखर वाढलेली असते, रक्त कमी असतं, तंबाखू असते. पण तेच आजार, तीच औषधं आणि तरी ठरावीक हातांच्या जखमा वर्षानुवर्षं स्वच्छ भरतात, हे वॉर्डातल्या मावशींनासुद्धा माहीत असतं.

चेपलेलं मांस मरतं. मेलेलं मांस म्हणजे जंतूंना आयतं जेवण. शस्त्रक्रियेतली हळुवार हाताळणी म्हणतात तिच्या मुळाशी एवढंच आहे, पुढचं सगळं त्यातून निघतं.

हे शास्त्र म्हणून मांडलं अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या विल्यम हॉल्स्टेड यांनी (1852-1922). भूल यायच्या आधी सर्जनची किंमत वेगावर ठरायची. रोगी शुद्धीवर, चार जणांनी दाबून धरलेला, तिथं दुसरा इलाजच नव्हता. 1846 मध्ये बोस्टनला ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक झालं आणि सर्जनला वेळ मिळाला, पण घाईची सवय पुढे कितीतरी वर्षं सुटली नव्हती. हॉल्स्टेड सावकाश काम करत. रक्तस्राव काटेकोर थांबवायचा, ऊतींचा रक्तपुरवठा राखायचा, टाक्यावर ताण येऊ द्यायचा नाही, आत पोकळी ठेवायची नाही, थराला थर नीट जुळवायचा, आणि सगळ्यात आधी ऊती हलक्या हातानं धरायच्या. आज कुठल्याही मेडिकल कॉलेजात हीच तत्त्वं शिकवतात. ओटीत रोज लागणारी मॉस्किटो आर्टरी फोर्सेप, म्हणजे रक्तवाहिनी पकडून रक्त थांबवायचा नाजूक टोकाचा चिमटा, तीही त्यांच्याच नावानं ओळखली जाते. आणि आम्हा सिस्टर लोकांच्या जिव्हाळ्याची गोष्ट म्हणजे रबरी हातमोजे. त्यांच्या ओटीच्या मुख्य परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्या हातांची कातडी निर्जंतुकीकरणाच्या पाऱ्याच्या द्रावणानं फुटायची, म्हणून 1889-90 च्या हिवाळ्यात हॉल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून पातळ रबराचे मोजे करवून घेतले. 1890 मध्ये दोघांचं लग्न झालं. ओटीत मोजे आले ते आधी एका सिस्टरचे हात वाचवायला. रोग्याला त्यांचा फायदा होतो हे नंतर लक्षात आलं.

आर्टरी फोर्सेप हे हत्यार सगळ्यात जास्त वापरलं जातं आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चुकीचं वापरलं जातं. रक्त उडालं की घाबरून भसकन आर्टरी लावायची, त्यात रक्तवाहिनीबरोबर बोटभर चरबी आणि स्नायूही चिमटीत आले तरी चालतील, रक्त थांबलं म्हणजे झालं. त्या बोटभर चरबीवर धागा बांधला की तेवढी चरबी आत कुजायला ठेवल्यासारखीच. आमचे एक वरिष्ठ सर, आता निवृत्त झालेत, रक्त आलं की आधी बोट ठेवायचे. नुसतं बोट. मग मला म्हणायचे, "सिस्टर, मॉप." मॉपनं, म्हणजे रक्त शोषणाऱ्या कापडाच्या घडीनं, टिपायचं, पुसायचं नाही. पुसलं की बसू पाहणारी गुठळी निघते आणि रक्त पुन्हा सुरू होतं. टिपून, मॉप हळूच सरकवत, नेमकं कुठून येतंय ते बघायचं आणि मॉस्किटोच्या टोकानं फक्त ती वाहिनी धरायची. एवढं करायला आर्टरी भसकन लावण्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. पण नंतर पुन्हा पुन्हा रक्त शोधत बसावं लागत नाही, त्यामुळे सरांची ऑपरेशनं लवकरच संपायची.

मॉप कोरडा देऊ नये, हे मी नव्या मुलींना पहिल्याच आठवड्यात सांगते. पोट उघडलं की आत जाणारा प्रत्येक मॉप कोमट सलाइनमध्ये बुडवून पिळलेला हवा. कोरडं कापड आतड्याच्या बाहेरच्या पातळ, चकचकीत पडद्याला चिकटतं आणि ओढलं की तो पडदा खरवडतो. दिसायला काहीच दिसत नाही. पुढं तिथंच आतडी एकमेकांना चिकटतात आणि काही जणांना वर्षांनी आतड्याला पीळ पडून पुन्हा टेबलावर यावं लागतं. त्यावर दिव्यांची उष्णता असते, एसीची कोरडी हवा असते. उघडं ठेवलेलं आतडं वाळतं. म्हणून सर आत गुंतलेले असले तरी बाहेर असलेल्या आतड्यावरचा मॉप ओला आहे की नाही, ही जबाबदारी मी माझी मानते.

आतड्याबाबत एक प्रसंग सांगते. रात्रीची केस, उसाच्या फडातून आलेला मजूर, जांघेतला हर्निया अडकलेला. हर्नियाची पिशवी उघडली तेव्हा आतडं जांभळं-काळसर होतं. पिशवीच्या तोंडाशी बसलेला आवळ सोडवला आणि सरांनी ते आतडं कोमट सलाइनच्या मॉपमध्ये गुंडाळलं, भूलतज्ज्ञांनी पूर्ण ऑक्सिजन दिला, आणि आम्ही थांबलो. ओटीत काहीच न करता थांबणं नव्या माणसाला फार जड जातं. सोबतचा डॉक्टर मुलगा सारखा मॉप उचलून बघू लागला, बोटांनी आतडं चाचपू लागला. सर म्हणाले, "हात काढ. त्याला श्वास घेऊ दे." काही मिनिटांनी मॉप उघडला तेव्हा जांभळ्याचा लाल झाला होता, चकाकी परत आली होती, आणि कडेला बॅबकॉक नावाचा चिमटा हळूच टेकवला तर आतडं संथपणे आकसलं. मुळाशी नाडी लागत होती. कापायची गरज पडली नाही. त्या रात्री आतडं बॅबकॉकनंच धरलं होतं. ते आतून पोकळ, गोलसर, बिनदाताचं असतं, त्याच्या कमानीत आतडं किंवा अपेंडिक्स मावतं, चेपत नाही. शेजारीच ट्रेमध्ये ॲलिस असतं, लांबून सारखंच दिसतं, पण त्याच्या टोकाला दातांची रांग असते. घाईत ॲलिस मागितलं गेलं आणि समोर आतडं असलं, तर मी ते हातात न देता एकदा विचारते, "सर, बॅबकॉक देऊ?" आजवर कोणी रागावलं नाही.

कात्र्यांचंही तसंच. मेयो कात्री जाड, ती पोटाच्या पडद्यासाठी. मेट्झनबॉम लांब दांड्याची आणि छोट्या पात्याची, नाजूक थर सोडवायला. मेट्झनबॉमनं धागा कापला की तिची धार जाते, आणि बोथट कात्री कापण्याऐवजी चावते. धाग्याला वेगळी कात्री ट्रॉलीवर असतेच. ती मागायला एक शब्द लागतो.

ब्लेडचं सांगायचं तर, तीन नंबरच्या हँडलला दहा, अकरा, बारा, पंधरा नंबरची ब्लेडं बसतात, चार नंबरच्या हँडलला वीसच्या पुढची. पंधरा नंबर पेनासारखं धरायचं, मोठ्या छेदाला ब्लेडचं पोट लावायचं, आणि अकरा नंबरचं टोक गळू फोडायला. कातडीला ब्लेड काटकोनात हवं. डाव्या हातानं कातडी ताणून एकाच दमात, एकाच खोलीचा छेद. भीतभीत तीन-चार वेळा ओरखडलं तर कडेला पायऱ्या पडतात आणि नंतर त्या जुळत नाहीत. इथं हलका हात म्हणजे धीट हात. ज्यांना हळुवारपणा म्हणजे घाबरणं वाटतं त्यांनी हे एवढं लक्षात ठेवावं.

कॉटरीबद्दल, म्हणजे विजेनं जाळून रक्त थांबवायच्या हत्याराबद्दल, माझं मत अनेकांना आवडत नाही. 1926 मध्ये बोस्टनला हार्वी कुशिंग यांनी विल्यम बोवी यांचं विजेचं यंत्र मेंदूच्या शस्त्रक्रियेत वापरलं आणि ज्या गाठींना हात लावता येत नव्हता त्या काढता येऊ लागल्या. उपकार मोठे आहेत. पण आज चरबीतून रक्ताचा ठिपका आला तरी कॉटरी, आणि धूर निघेपर्यंत कॉटरी. काळं पडलेलं प्रत्येक ठिकाण म्हणजे मेलेलं मांस. थोडा वेळ मॉप दाबून धरला तर निम्मे ठिपके आपोआप थांबतात. कातडीच्या अगदी कडेला तर कॉटरी लागूच नये.

टाका. इथं लोकांना वाटतं, घट्ट म्हणजे मजबूत. पेशंटचे नातेवाईकसुद्धा विचारतात, "टाके घट्ट घातलेत ना?" पण ऑपरेशननंतर एक-दोन दिवस जखम सुजते. आधीच आवळलेला टाका त्या सुजेत आणखी रुततो, त्याच्या फासात अडकलेलं मांस गुदमरतं, आणि जखम भरली तरी शिडीसारखे आडवे व्रण जन्मभर राहतात. दोन कडा एकमेकींना टेकल्या की पुरे. गाठ मारताना कातडी पांढरी पडली, तर टाका सैल करायचा किंवा काढून पुन्हा घालायचा. माझ्या हाती सगळ्या इंटर्नना सांगायला एकच वाक्य दिलं तर मी हे सांगेन.

पोटाच्या पडद्याचा टाकाही असाच. पूर्वी समजूत होती की कडेपासून सेंटिमीटरभर लांब, मोठमोठे टाके घ्यावेत. नेदरलँड्समधल्या एका मोठ्या अभ्यासात, जो 2015 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, दोन्ही पद्धती समोरासमोर ठेवल्या. एक सेंटिमीटरचे टाके घातलेल्यांपैकी 21 टक्के लोकांना वर्षभरात जखमेतून हर्निया झाला, पाच मिलिमीटरचे बारीक, जवळजवळ टाके घातलेल्यांत 13 टक्के. छोट्या टाक्यात फक्त पडदा येतो. मोठ्या टाक्यात चरबी आणि स्नायू येतात, ते धाग्याखाली चेपून विरतात आणि टाका ढिला पडतो. हे वाचलं तेव्हा मला आमच्या निवृत्त सरांची आठवण झाली, ते आधीपासून बारीकच टाके घालायचे.

हे सगळं परदेशातून आलं असं कोणाला वाटू नये. पुण्याजवळ अठराव्या शतकाच्या शेवटी झालेली एक शस्त्रक्रिया जगभरच्या प्लास्टिक सर्जनना ठाऊक आहे, आपल्याकडे मात्र फारशी सांगितली जात नाही. इंग्रजी फौजेचा कावसजी नावाचा गाडीवान 1792 च्या लढाईत टिपूच्या लोकांच्या हाती सापडला, त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढं वीट पाडणाऱ्या जातीतल्या एका मराठी वैद्यानं त्याचं नाक नव्यानं बसवलं. 1794 मध्ये लंडनच्या मासिकात ती हकिकत चित्रासह छापून आली, आणि ती वाचून जोसेफ कार्पू या लंडनच्या सर्जननं 1814 मध्ये तसंच ऑपरेशन केलं. कृती अशी. मेणाचा नमुना कपाळावर पसरून रेघ आखायची, तेवढी कातडी सोडवायची, पण भुवयांच्या मधली चिंचोळी पट्टी कापायची नाही. त्या पट्टीतून रक्त येत राहतं. मग कातडी फिरवून नाकाच्या जागी बसवायची. जोड पक्का करायला काथ पाण्यात भिजवून कापडाच्या पट्ट्यांवर लावून त्या एकावर एक ठेवायच्या, चार दिवस हात लावायचा नाही, नंतर तुपात भिजवलेली कापडं. मधली पट्टी कापायची ती साधारण पंचविसाव्या दिवशी. त्या कातडीवर कसलाही ताण नव्हता, रक्तपुरवठा शाबूत होता, आणि रोज उघडून बघायचा मोहसुद्धा त्या माणसानं आवरला. हॉल्स्टेड यांचा जन्म व्हायला तेव्हा अजून साठेक वर्षं होती. त्या वैद्याचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता हत्यारांच्या निगेबद्दल, कारण खराब हत्यारानं हलका हात ठेवताच येत नाही. एके ठिकाणी मी काम करत असताना स्वस्तातले नीडल होल्डर, म्हणजे टाक्याची सुई धरायची हत्यारं, घेतले गेले. काही महिन्यांत त्यांच्या जबड्याचे काप गुळगुळीत झाले आणि सुई आत फिरायला लागली. सुई फिरली की सर्जन ती पुन्हा पकडतो, पुन्हा टोचतो, त्याच कातडीत दोनदा-तीनदा भोक. दोष हाताला लागतो. तपासायला कठीण काही नाही. दांड्यावरच्या कुलपाच्या दुसऱ्या खाचेवर सुई धरा आणि बोटानं हलवून बघा. फिरली तर होल्डर दुरुस्तीला. आर्टरी पहिल्या खाचेवर बंद करून उजेडासमोर धरा, आधी टोकं टेकली पाहिजेत. मग दांड्याची कडी टेबलावर हलकेच आपटा, आपोआप उघडली तर ती बाजूला काढा, कारण ती ऐन वेळी रक्तवाहिनीवरून सुटेल. वापरलेली हत्यारं सलाइनमध्ये भिजत टाकू नका, मिठानं स्टीलला खड्डे पडतात. साध्या पाण्यात, सांधे उघडे ठेवून, ब्रशनं. सांध्यात वाळलेलं रक्त राहिलं की हत्यार जड चालतं, आणि जड चालणाऱ्या हत्यारावर बोटं जोर लावतात.

सुई धरायची जागा टोकापासून दोन तृतीयांश अंतरावर, धागा जोडलेल्या टोकाला कधीही नाही, तिथं ती वाकते. कातडीत काटकोनात शिरवायची आणि मनगट फिरवून तिच्या वळणानंच बाहेर काढायची. सरळ ढकलली तर कातडी फाटते. हे वाचून येत नाही, सरावानंच येतं. सुश्रुतांनी शिष्यांना कोहळा, दुध्या आणि काकडीवर छेद घ्यायला आणि जाड कापडाच्या, मऊ चामड्याच्या कडांवर शिवायला लावलं होतं ते याचसाठी. आमच्याकडे येणाऱ्या इंटर्नसाठी मी मुदत संपलेली धाग्याची पाकिटं एका डब्यात वेगळी काढून ठेवते, डब्यावर लाल अक्षरात "फक्त सरावासाठी" लिहिलं आहे. एक जुना होल्डर आणि एक ॲडसन चिमटाही त्यात आहे. केळ्याची साल उत्तम, कारण चिमट्याचा जोर जास्त झाला की ती लगेच काळी पडते आणि आपला हात आपल्यालाच दिसतो. कोंबडीची कातडी त्याहून चांगली, पण ती खाटकाकडून स्वतः आणावी लागेल. दुपारी लिस्ट संपल्यावर चेंजिंग रूमच्या बाहेरच्या टेबलावर बसा, सराव संपला की सुया शार्प्सच्या, म्हणजे वापरलेल्या सुया-ब्लेडांच्या, डब्यात टाका, आणि सरावाचा डबा रिकामा झाला तर मला सांगा.